कापणीच्या हत्यारांवाटे ऑर्किडमध्ये होणारा रोगप्रसार रोखणे : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

प्रकल्पाचा विषय जाणीवपूर्वक मर्यादित ठेवला आहे. कात्री, सिकेटर (छाटणीची दणकट कात्री), चाकू आणि ब्लेड यांच्यामार्फत एका ऑर्किडचा रोग दुसऱ्या ऑर्किडमध्ये जातो, तो मार्ग आमच्या संग्रहापुरता पूर्णपणे बंद करायचा आहे. खत, प्रकाश, कीडनियंत्रण यांचा उल्लेख हत्यारांशी संबंध येईल तेवढाच होईल.

रोखायचे आहेत ते प्रामुख्याने दोन विषाणू : सिंबिडियम मोझेक विषाणू आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट विषाणू. दोन्हींचे वर्णन १९५०-५१ च्या सुमारास झाले आणि ऑर्किडच्या ज्या वंशांत ते आढळले त्यांची नावे त्यांना मिळाली. परंतु त्यांचा वावर त्या वंशांपुरता मुळीच मर्यादित नाही. कॅटलिया, फॅलेनॉप्सिस, डेन्ड्रोबियम, ऑन्सिडियम, व्हँडा या सगळ्यांना त्यांची लागण होते आणि एकाच झाडात दोन्ही विषाणू असणेही नेहमीचे आहे. या दोघांना वाहून नेणारा कीटक ज्ञात नाही. ते पसरतात ते झाडाच्या रसातून, आणि तो रस एका झाडातून दुसऱ्या झाडात नेण्याचे काम बहुतेक वेळा माणसाचा हात आणि माणसाचे हत्यारच करते. ही बाब काळजीची आहे तशीच दिलासा देणारीही आहे, कारण जो मार्ग आपण तयार केला तो आपल्याला बंदही करता येतो.

लागण झालेल्या झाडावर कोणतेही औषध नाही. झाड मरत नाही, वर्षानुवर्षे जगते, पुष्कळदा फुलतेही. पण त्याच्या अंगभर विषाणूचा साठा असतो आणि त्या झाडावर चालवलेली प्रत्येक कात्री तो साठा घेऊन बाहेर पडते. उपचार नसल्यामुळे या प्रकल्पात प्रतिबंधाला पर्याय नाही.

१५ जानेवारी

आज फक्त पाहणी केली. वर्षभरात झाडावर धार कधी कधी लागते याची यादी सहकाऱ्यांसोबत बसून तयार केली. आम्हा सगळ्यांचा समज असा होता की खरा धोका कुंड्या बदलण्याच्या आणि झाडांची विभागणी करण्याच्या दिवसांत असतो. यादी पूर्ण झाली तेव्हा चित्र वेगळे दिसले. कुंडी बदलताना माणूस सावध असतो : टेबल आवरलेले असते, हत्यारे धुतलेली असतात, मनात कामाचा क्रम असतो. उलट फुले सुकलेला दांडा कापणे, पिवळे पान काढणे, काठीला बांधलेला जुना दोरा तोडणे, दांड्यावर आलेले पिल्लू (नवे रोप) वेगळे करणे, कुंडीबाहेर लोंबणारे मेलेले मूळ छाटणे ही कामे पाणी देता देता, जाता जाता होतात. खिशातली कात्री निघते, पहिल्या झाडाचा दांडा कापला जातो, तीच कात्री पुढच्या कुंडीकडे वळते. संग्रहात सर्वाधिक वेळा होणारी कापणी हीच आहे आणि तिच्यासाठीच कोणतीही व्यवस्था नाही.

दांड्याची कापणी अधिक धोक्याची असण्याला शास्त्रीय कारणही आहे. विषाणूला धडधाकट पेशीभित्ती भेदता येत नाही. त्याला आत जायला जखम लागते. ताजा हिरवा दांडा कापला की असंख्य पेशी उघड्या पडतात, पात्यावर रसाचा पातळ थर चढतो, आणि पुढच्या झाडावर तेच पाते चालले की जखम करणे आणि त्या जखमेत विषाणू ठेवणे ही दोन्ही कामे एकाच क्षणी होतात. तेथून विषाणू शेजारच्या पेशींत जातो आणि पुढे अन्नवाहिन्यांतून झाडभर पसरतो. पूर्ण वाळलेला, तपकिरी झालेला दांडा हाताने ओढून निघत असेल तर तो कापूच नये, असे मला वाटू लागले आहे.

सायंकाळी रोजच्या वापरातली कात्री भिंगाखाली पाहिली. पाती स्वच्छ दिसत होती. स्क्रू सैल करून दोन्ही पाती वेगळी केल्यावर सांध्याच्या गोलाकार खाचेत गडद तपकिरी, चकचकीत, सुकलेल्या डिंकासारखा थर निघाला. नखाने खरवडला तर त्याचे पापुद्रे सुटत होते. कात्री मिटली की हा थर पात्याच्या आतल्या बाजूवर घासला जातो. वरून पुसून किंवा द्रावणात क्षणभर बुडवून हा भाग कधीच स्वच्छ होणार नाही. सांधा असलेले प्रत्येक हत्यार यापुढे संशयित धरायचे, असे ठरवले.

२३ जानेवारी

निर्जंतुकीकरणाच्या पद्धतींचा आढावा. ही नोंद लांबणार आहे, कारण सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी आहेत.

ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट विषाणू हा तंबाखूच्या मोझेक विषाणूच्या कुळातला आहे. त्या कुळाचा अभ्यास विषाणुशास्त्राच्या जन्माइतका जुना आहे : १८९२ मध्ये दिमित्री इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला तरी तो रोगकारक राहतो हे दाखवले, १८९८ मध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी हा जिवाणूंपेक्षा निराळा रोगकारक असल्याचे मांडले, आणि १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तो स्फटिकरूपात वेगळा केला. स्फटिक करून बाटलीत ठेवता येतो आणि तरीही रोग निर्माण करण्याची क्षमता गमावत नाही, एवढी ही रचना टिकाऊ आहे. सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीची ताठ दांडी, बाहेर प्रथिनांचे घट्ट कवच, आत आरएनए. या कुळातले विषाणू सुकलेल्या रसात आणि वाळलेल्या पानात वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे ‘ही कात्री महिनाभर वापरलेली नाही, म्हणून ती सुरक्षित आहे’ हा युक्तिवाद येथे चालत नाही.

आता अल्कोहोल. सत्तर टक्के अल्कोहोलने पाते पुसणे ही सर्वांत प्रचलित पद्धत आहे आणि जिवाणूंसाठी ती उपयुक्तही आहे; परंतु या कुळातल्या विषाणूंवर ती भरवशाची नाही. पुसण्यामुळे रसाचा काही भाग कापडावर येतो, तेवढाच तिचा फायदा. अल्कोहोलमध्ये बुडवून पाते पेटवण्याची पद्धत पाहायला परिणामकारक वाटते, पण त्यात अल्कोहोल जळते, पाते फारसे तापत नाही. ज्योत विझल्यावर पाते थोड्याच वेळात हातात धरता येते, यावरूनच त्याचे तापमान कोठवर गेले असेल याची कल्पना येते.

घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, विषाणूंवर काम करते. पाच ते सहा टक्के तीव्रतेच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की अर्ध्या टक्क्याच्या आसपास तीव्रता मिळते. बाटलीवरची तीव्रता निराळी असेल तर प्रमाणही नव्याने मोजावे लागते. मर्यादा दोन आहेत. पहिली, पात्यावर माती, रस किंवा सालीचे कण असतील तर हायपोक्लोराइट त्यांच्याशीच अभिक्रिया करून संपून जाते, म्हणून आधी ब्रश आणि साबणाने धुणे अनिवार्य आहे, आणि दिवसभर हत्यारे बुडवून गढूळ झालेले द्रावण नावापुरतेच ब्लीच उरते. दुसरी, ते पोलादाला गंजवते. द्रावण रोज ताजे करावे, उजेडात उघडे ठेवू नये, आणि ते कोणत्याही आम्लात किंवा अमोनियायुक्त क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू तयार होतात.

ट्रायसोडियम फॉस्फेटचे संपृक्त द्रावण अनेक व्यावसायिक उत्पादक वापरतात. ते तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे विषाणूचे प्रथिनांचे कवच त्यात टिकत नाही. ब्लीचपेक्षा ते पोलादाला कमी त्रास देते आणि थोड्या मळाने लगेच निकामी होत नाही. मात्र त्वचेला आणि डोळ्यांना ते अपायकारक आहे. हातमोजे आणि चष्म्याशिवाय ते हाताळायचे नाही. ते निचऱ्यात ओतताना फॉस्फेटच्या प्रदूषणाचा विचारही करावा लागतो, त्यामुळे आम्ही मोठ्या टबाऐवजी हत्यार मावेल एवढे अरुंद उंच भांडे निवडणार आहोत.

साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे वीस टक्के द्रावण हा उपाय ऐकताना विचित्र वाटतो, पण त्यामागे अभ्यास आहे. दुधातली प्रथिने विषाणूच्या कणांना वेढतात आणि लागण होण्यास अडथळा आणतात. ते विषाणूला मारत नाही, हे पक्के लक्षात ठेवायला हवे. हातांसाठी, विशेषतः एकामागून एक रोपे हाताळताना, ते सोयीचे आहे. हत्यारांसाठी आम्ही ते मुख्य उपाय म्हणून घेणार नाही.

उरली ती उष्णता, आणि माझा कौल तिच्याच बाजूने आहे. या कुळातले विषाणू रसात सुमारे ९० अंश सेल्सिअसला दहा मिनिटे तग धरण्याच्या सीमेवर असतात, म्हणून उकळत्या पाण्यात हत्यार बुडवून लगेच बाहेर काढणे पुरेसे नाही. ओव्हनमधली कोरडी उष्णता १७० अंशांवर पूर्ण एक तास दिली की कोणताही प्रश्न उरत नाही. गॅस टॉर्चच्या ज्योतीत पाते लाल होईपर्यंत तापवणे हाही खात्रीचा मार्ग आहे, परंतु वारंवार तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. बोथट धार हा स्वतंत्र धोका आहे, कारण ती ऊतक कापण्याऐवजी चिरडते; जखम मोठी होते आणि कुजण्याला वाव मिळतो.

३० जानेवारी

रस प्रत्यक्षात कोठे कोठे जातो हे डोळ्यांनी पाहण्यासाठी एक साधी चाचणी केली. टाकून द्यायच्या झाडांवर काम करताना कात्रीच्या पात्याला गडद निळा खाद्यरंग घट्ट कालवून लावला आणि सहकाऱ्याला नेहमीच्या गतीने दांडे कापण्याचे, काठ्या काढण्याचे आणि पाने पुसण्याचे काम करू दिले.

रंग पुढच्या झाडांच्या कापांवर दिसणार हे अपेक्षितच होते. पण तो पाण्याच्या फवाऱ्याच्या दट्ट्यावर, नळाच्या तोटीवर, काढून परत डब्यात टाकलेल्या बांबूच्या काठ्यांवर, दोऱ्याच्या रिळावर आणि एका झाडावर कात्री चाललेलीच नसताना त्याच्या पानाच्या बुडाशीही सापडला. तेथे सहकाऱ्याने फक्त पान वर उचलून पाहिले होते. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली निळी रेघ होती. पिवळी पाने आणि सुकलेली फुले नखाने खुडण्याची सवय आम्हा सर्वांना आहे; या चाचणीनंतर नख हे आमच्या यादीत हत्यार म्हणून दाखल झाले आहे.

खाद्यरंग म्हणजे विषाणू नव्हे, आणि रंग पोहोचला तेथे लागण होईलच असे नाही. जखम नसलेल्या ठिकाणी सहसा ती होणार नाही. तरीही काठ्या, दोरा आणि नळ यांचा विचार हत्यारांसोबतच करावा लागेल एवढे यातून निश्चित झाले.

६ फेब्रुवारी

कार्यपद्धतीचा निर्णय झाला. सूत्र असे : एका झाडाला एक पाते, आणि झाडांच्या रांगेत उभे राहून कोणतेही निर्जंतुकीकरण करायचे नाही.

यामागचा विचार सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी हा नियम सैल करू पाहील तेव्हा तो उपयोगी पडेल. दोन झाडांच्या मध्ये थांबून हत्यार धुणे, द्रावणात दहा मिनिटे ठेवणे, विसळणे आणि पुसणे हा क्रम कागदावर निर्दोष आहे. परंतु काम वाढते, पाणी द्यायचे राहिलेले असते, आणि दहा मिनिटांची दोन होतात, दोनाचे एक बुडवणे होते. माणूस निष्काळजी असतो म्हणून हे घडत नाही. स्वच्छतेचा निर्णय घाईच्या क्षणी घ्यावा लागतो म्हणून घडते. त्यामुळे तो निर्णय त्या क्षणातून काढून आदल्या दिवशी नेला. कामाला निघताना हाताशी जितकी निर्जंतुक पाती असतील तितक्याच झाडांवर त्या दिवशी कापणी होईल. पाती संपली की कापणी संपली.

त्यासाठी एकधारी ब्लेड निवडली आहेत. ती स्वस्त असतात, त्यांना सांधा नसतो आणि त्यांची धार सिकेटरपेक्षा स्वच्छ काप देते. दोन झाकणाचे पत्र्याचे डबे केले : पांढऱ्यात निर्जंतुक ब्लेड, लाल डब्यात वापरलेली. लाल डब्याच्या झाकणाला फट आहे, त्यातून ब्लेड आत टाकता येते पण बाहेर काढता येत नाही. तो डबा फक्त धुण्याच्या टेबलावर उघडतो. तेथे ब्लेड साबणाच्या पाण्यात ब्रशने घासली जातात, कोरडी होतात, धार गेलेली वेगळी काढून जाड डब्यात बंद करून टाकली जातात, आणि उरलेली फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये जातात. हा ओव्हन याच कामासाठी आहे. त्यात अन्न शिजत नाही.

जाड आडव्या खोडांसाठी सिकेटर लागतोच. पूर्ण धातूचे, स्क्रू काढून दोन भाग करता येतील असेच सिकेटर ठेवायचे. प्लॅस्टिकच्या मुठीचे सिकेटर ओव्हनमध्ये जाऊ शकत नाहीत, म्हणून ते संग्रहातून काढून बाहेरच्या बागेला दिले. खिशात कात्री ठेवण्यास मनाई. हा नियम सर्वांत कठीण जाईल असा माझा अंदाज आहे.

७ मार्च

चाचणीच्या पट्ट्या आल्या. पानाचा छोटा तुकडा पिशवीतल्या द्रावणात चिरडायचा आणि पट्टीचे टोक त्यात बुडवायचे. नियंत्रण रेषा उमटली म्हणजे पट्टी ठीक आहे, आणि त्यासोबत दुसरी रेषा उमटली तर त्या झाडात विषाणू आहे. नमुना घेणे ही देखील कापणीच आहे, त्यामुळे प्रत्येक नमुन्याला नवे ब्लेड आणि नवे हातमोजे.

संग्रहातली निरोगी म्हणून ओळखली जाणारी, भरघोस फुलणारी एक फॅलेनॉप्सिस ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉटसाठी पॉझिटिव्ह निघाली. तिच्या पानांवर डाग नाहीत, रेषा नाहीत, फुलांचा रंग फाटलेला नाही. फॅलेनॉप्सिसमध्ये असे लक्षणहीन वाहक असणे सुपरिचित आहे, पण ते वाचणे आणि आपल्या टेबलावर त्या दोन रेषा उमटताना पाहणे यांत फरक आहे. उलटपक्षी, पानांवर काळे खड्डे पडलेले एक कॅटलिया आम्ही जवळजवळ दोषी ठरवले होते. त्याची पट्टी दोन्ही विषाणूंसाठी निगेटिव्ह आली. कोळी किडीचा उपद्रव, थंड पाण्याचा धक्का, बुरशी आणि उन्हाचा चटका या सगळ्यांमुळे विषाणूसारखे दिसणारे डाग पडू शकतात. डोळ्यांच्या भरवशावर ‘हे झाड स्वच्छ, ते रोगट’ असे ठरवून स्वच्छ झाडांवर एकच कात्री चालवण्याची सवलत देता येत नाही, हे या दोन झाडांनी पुरते स्पष्ट केले.

निगेटिव्ह निकालाचा अर्थही मर्यादित आहे. नुकतीच लागण झालेल्या झाडात विषाणूचे प्रमाण पट्टीला कळण्याइतके वाढायला काही आठवडे जातात, आणि झाडाच्या सर्व भागांत ते सारखे नसते. त्यामुळे संशय असलेल्या झाडाची चाचणी काही महिन्यांनी वेगळ्या पानावर पुन्हा करायची. महत्त्वाच्या मातृवृक्षांसाठी, म्हणजे ज्यांपासून पुढची रोपे करायची त्या झाडांसाठी, प्रयोगशाळेतली आरटी-पीसीआर चाचणी अधिक संवेदनशील असते, तिचा विचार करावा लागेल.

१४ मार्च

पॉझिटिव्ह फॅलेनॉप्सिसचे काय करायचे यावर बैठक झाली. सहकाऱ्यांपैकी एकाचे म्हणणे होते की ती एका कोपऱ्यात ठेवावी, कापणीच करू नये, म्हणजे धोका नाही. तत्त्वतः हे म्हणणे चूक नाही. परंतु वेगळे ठेवलेले झाड वेगळेच राहील याची हमी पुढे कोण देणार? लेबल पडते, माणसे बदलतात, जागा अपुरी पडली की कुंड्या सरकतात. दुर्मीळ, इतरत्र न मिळणारे वाण असते तर स्वतंत्र जागा, स्वतंत्र हत्यारे आणि लाल लेबल देऊन ते ठेवणे योग्य ठरले असते. ही सहज मिळणारी संकरित जात आहे. ती माध्यम (कुंडीतला भराव) आणि प्लॅस्टिकच्या कुंडीसह पिशवीत बंद करून कचऱ्यात गेली. खतखड्ड्यात टाकली नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या झाडांची पुढची चाचणी जूनमध्ये.

दुर्मीळ वाण वाचवण्याचा आणखी एक मार्ग नोंदवून ठेवतो. फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी १९६० मध्ये वाढत्या टोकाचा अतिसूक्ष्म भाग काचपात्रात वाढवून मोझेकमुक्त सिंबिडियम मिळवल्याचे प्रसिद्ध केले, आणि त्यातूनच पुढे ऑर्किडच्या ऊतिसंवर्धनाचा उद्योग उभा राहिला. मात्र ऊतिसंवर्धनाने वाढवलेले रोप म्हणजे विषाणूमुक्त रोप, असे आपोआप होत नाही. मातृवृक्षात विषाणू असेल आणि तो काढून टाकल्याची तपासणी झाली नसेल, तर तोच विषाणू हजारो रोपांत जातो. बियांपासून तयार झालेली रोपे या दोन विषाणूंच्या बाबतीत सहसा स्वच्छ असतात. त्यांना लागण होते ती पुढे, आपल्यासारख्यांच्या टेबलावर.

२ एप्रिल

नवी मुळे फुटू लागलेल्या कॅटलियांच्या विभागणीचे काम सुरू केले. प्रत्येक झाडाखाली जाड कागद अंथरायचा, झाड झाले की तो माध्यमासकट गुंडाळून टाकायचा. टेबल पुसण्यापेक्षा हे जलद आणि खात्रीचे आहे.

एका जुन्या झाडाचे मागचे बल्ब (खोडाचे फुगीर भाग) सुरकुतलेले आणि पाने पिवळट होती. आडवे खोड कापल्यावर पांढऱ्या गराच्या कडेने जांभळट तपकिरी रंगाचे कडे दिसले. कॅटलियातल्या फ्युजेरियम मर रोगाची ही ओळखीची खूण आहे. ही बुरशी मुळांतून आणि खोडाच्या कापलेल्या टोकातून आत शिरते व वाहिन्यांतून पुढे सरकते. येथे हत्यारांच्या नियमाला एक महत्त्वाची जोड द्यावी लागली. विषाणू झाडभर पसरलेला असल्यामुळे त्याच झाडाच्या दुसऱ्या कापासाठी पाते बदलण्याने विषाणूच्या दृष्टीने काही साधत नाही. बुरशीचे तसे नाही. रोगट भागातून गेलेले पाते पुढच्या निरोगी खोडात घातले तर आपणच बुरशी चार बोटे पुढे नेऊन ठेवतो. म्हणून प्रत्येक कापाला नवे ब्लेड घेतले आणि दोन बल्ब पुढे सरकत, काप पूर्ण पांढरा दिसेपर्यंत कापत गेलो. पुढचे तीन निरोगी बल्ब वेगळे लावले, कापाचे टोक कोरडे होईपर्यंत पाणी द्यायचे नाही. ही विभागणी वेगळ्या जागेत निरीक्षणाखाली राहील.

हाच विचार जिवाणूजन्य कुजीला लागू होतो. फॅलेनॉप्सिसच्या पानावर पाणी भरल्यासारखा, पसरत जाणारा तपकिरी डाग दिसला की डागाच्या कडेपासून दोनतीन सेंटिमीटर आत, निरोगी भागात कापायचे, पाते डागातून जाऊ द्यायचे नाही, आणि त्या झाडावर वरून पाणी घालणे लगेच थांबवायचे. जिवाणू पाण्याच्या शिंतोड्यांतूनही उडतात, त्यामुळे केवळ ब्लेड बदलून हा रोग आवरत नाही.

११ एप्रिल

काठ्या आणि कुंड्यांचा निर्णय. बांबूच्या काठ्या सच्छिद्र असतात, त्या पुन्हा वापरायच्या नाहीत. तारेच्या काठ्या ब्लेडसोबत ओव्हनमध्ये जातील. प्लॅस्टिकच्या कुंड्या घासून, ब्लीचच्या ताज्या द्रावणात बुडवून, विसळून घ्यायच्या. मातीच्या जुन्या कुंड्यांच्या छिद्रांत मुळांचे अवशेष अडकलेले असतात, त्या भाजून घेता आल्या तरच परत वापरायच्या. वापरलेले माध्यम दुसऱ्या ऑर्किडला नाही.

९ मे

खिशातल्या कात्रीचा प्रश्न अंदाजाप्रमाणे पुढे आला. मनाई असूनही पाणी देताना सुकलेले दांडे दिसतात आणि हात शिवशिवतो. नुसती मनाई पुरणार नाही हे मान्य करून व्यवस्थाच बदलली. आता प्रत्येक रांगेच्या टोकाला पांढरा आणि लाल असे दोन्ही डबे आहेत, म्हणजे योग्य मार्ग हा जवळचा मार्ग झाला आहे. सोबत रंगीत चिमट्यांचा गुच्छ टांगला आहे : कापायचा दांडा दिसला आणि पांढरा डबा रिकामा असला की दांड्याला चिमटा लावून पुढे जायचे. सुकलेला दांडा आठवडाभर झाडावर राहिल्याने काहीही बिघडत नाही.

परागीकरणाच्या कामातही हाच नियम लावला. परागपिंड (परागांचे गोळे) उचलायला दर फुलाला नवी लाकडी काडी, आणि पॉझिटिव्ह किंवा तपासणी न झालेल्या झाडाचे पराग मातृवृक्षांवर वापरायचे नाहीत.

१८ जून

काढून टाकलेल्या फॅलेनॉप्सिसच्या शेजारच्या झाडांची चाचणी झाली. एका बाजूचे झाड निगेटिव्ह. दुसऱ्या बाजूच्या झाडावर ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉटची रेषा उमटली, फिकट पण निःसंशय. मार्चमध्ये हेच झाड निगेटिव्ह होते. प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच्या एखाद्या कापणीत लागण झालेली असावी आणि तेव्हा तिचे प्रमाण पट्टीच्या आवाक्याखाली असावे, असे मानणे सयुक्तिक आहे. नव्या पद्धतीनंतर या झाडावर धार लागल्याची नोंद नाही. मात्र हे निश्चितपणे सांगता यावे यासाठी कापणीची नोंदवही झाडनिहाय असणे आवश्यक आहे, आणि आमची वही तारखेनुसार आहे. आजपासून प्रत्येक कुंडीच्या लेबलामागे शेवटच्या कापणीचा दिनांक पेन्सिलीने लिहिला जाईल, कारण पेन्सिलीचे अक्षर पाण्याने आणि उन्हाने पुसट होत नाही.

त्याच रांगेतल्या उरलेल्या सर्व झाडांवरची कापणी थांबवली आहे. त्यांची पहिली फेरतपासणी सप्टेंबरात, दुसरी डिसेंबरात. दोन्ही वेळा निगेटिव्ह आलेली झाडेच मुख्य रांगेत परत येतील. नव्याने येणाऱ्या झाडांनाही हाच कालावधी लागू : वेगळी जागा, स्वतःचे पाण्याचे ताट, आणि दोन तपासण्या होईपर्यंत विभागणी नाही. पट्ट्यांची पुढची मागणी ऑगस्टमध्ये नोंदवायची आहे.